टेम्प्लेट राहू द्या, आधी "कशावरून?" विचारायला शिकवा

पलूसहून एका तरुण सरांनी विचारलंय की त्यांच्याकडे आयईएलटीएसची (परदेशात शिकायला-नोकरीला जाण्यासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा, गुण नऊपैकी) नऊ जणांची बॅच आहे, पाच मुली नर्सिंगच्या आणि चार पोरं इंजिनिअरिंग झालेली, सगळ्यांचं ग्रामर बरं आहे, लिसनिंग-रीडिंगला सात येतात पण रायटिंग साडेपाचच्या वर हलत नाही, परीक्षा 6 आठवड्यांवर आलीय, तर टास्क टूच्या निबंधासाठी (रायटिंगमधला दुसरा प्रश्न, त्यात आपलं मत मांडायचं असतं) कोणतं टेम्प्लेट पाठ करून घेऊ.

सर, कोणतंच नको. मी सांगलीत विश्रामबागेत 19 वर्षं हेच शिकवतेय आणि पहिली तीन-चार वर्षं मी स्वतः टेम्प्लेट दिलेलं आहे, सुंदर टाइप करून, झेरॉक्स काढून, "इन धिस मॉडर्न एरा" पासून "टू कन्क्लूड" पर्यंत, मधे फक्त विषय भरायचा. एका बॅचच्या सगळ्या वह्या एका रात्री ओळीने तपासल्या तेव्हा 11 वह्यांमध्ये पहिला पॅरा जवळजवळ शब्दाला शब्द तोच होता, विषय शाळेतल्या युनिफॉर्मचा असो नाहीतर प्रदूषणाचा. त्या बॅचचे निकालही साडेपाच-सहाच्या आसपासच आले. पाठ केलेली वाक्यं एक्झामिनरला पहिल्या ओळीत ओळखू येतात, त्याचे गुण तर मिळत नाहीतच, वर पुढच्या पॅऱ्यात पोरगं स्वतःचं वाक्य लिहायला लागलं की इंग्रजी एकदम दोन पायऱ्या खाली उतरतं आणि तो फरक डोळ्यात भरतो.

आता मूळ दुखणं कुठं आहे ते सांगते. तुमच्या पोरांचं इंग्रजी साडेपाचचं नाहीये, त्यांना बाजू मांडायची सवय नाहीये. आपण शाळेत निबंध शिकतो तो "पावसाळ्यातील एक दिवस", "मी नदी बोलतेय", "माझा आवडता नेता". वैचारिक म्हणून येतो तो "विज्ञान शाप की वरदान" आणि त्याचा शेवट सगळ्यांचा एकच, की ते वापरणाऱ्याच्या हातात आहे. म्हणजे सजवून लिहायचं, कुणाला दुखवायचं नाही आणि शेवटी दोन्हीकडे मान हलवायची. दहावीला व्ह्यू-काउंटरव्ह्यू असतं खरं, पण तिथं एका बाजूचे मुद्दे छापूनच दिलेले असतात, पोरं ते उलटे करून लिहितात. मग इथं प्रश्न येतो "टू व्हॉट एक्स्टेंट डू यू अॅग्री?" आणि आपलं पोरगं लिहितं "एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स". अहो, त्यानं विचारलंय तुझं काय म्हणणं आहे, आणि हा नाण्याची गोष्ट सांगतोय.

माझ्याकडे जत तालुक्यातली एक मुलगी होती, मिरजेत नर्सिंग केलेलं, तिचा किस्सा सांगते कारण त्यात सगळं येतं. प्रश्न मी दिला होता असा, की काही लोकांच्या मते सरकारनं शहरात मोठी हॉस्पिटलं बांधण्याऐवजी खेड्यातल्या दवाखान्यांवर पैसा खर्च करावा, तुम्ही कितपत सहमत आहात. तिनं लिहिलं, "हेल्थ इज वेल्थ. नाऊअडेज हेल्थ इज व्हेरी इम्पॉर्टंट फॉर एव्हरी ह्यूमन बीइंग. बोथ सिटी अँड व्हिलेज पीपल नीड हॉस्पिटल." चूक शोधायला गेलं तर फारशी नाही. पण दीडशे शब्द झाले तरी बाई कोणत्या बाजूला आहे ते कळेना. मी वही मिटली आणि मराठीत विचारलं, तुझ्या गावात रात्री कुणाला साप चावला तर काय करता? ती म्हणाली, "काय करणार मॅडम, दवाखान्यात रात्री डॉक्टर नसतात, मग गाडी कुणाची मिळतीय बघायचं, मिरजेपर्यंत आणायचं, दोन तास जातात, तवर माणूस राहतंय व्हय? मिरजेत कितीबी मोठं हॉस्पिटल असू दे, आम्हाला त्याचा काय उपयोग?"

बघा, एका दमात तिनं मुद्दा मांडला, कारण दिलं, ते कारण कसं काम करतं ते सांगितलं, उदाहरण दिलं आणि प्रश्नात विचारलेल्या मोठ्या हॉस्पिटलपाशी परत आणून सोडलं. हे सगळं तिच्याकडे होतं, कागदावर फक्त येत नव्हतं, कारण "निबंध" म्हटल्यावर तिला वाटायचं आपलं गावचं काही इथं लिहायचं नसतं, काहीतरी भारी लिहायचं असतं. आम्ही दोघींनी बसून तेच इंग्रजीत उतरवलं: "व्हेन अ स्नेक बाइट्स अ फार्मर इन अ रिमोट व्हिलेज, द नियरेस्ट लार्ज हॉस्पिटल मे बी टू अवर्स अवे. इफ द लोकल क्लिनिक हॅज अ डॉक्टर अँड द राइट मेडिसिन अॅट नाइट, ट्रीटमेंट कॅन बिगिन बिफोर द जर्नी डझ. अ न्यू हॉस्पिटल इन द सिटी, हाउएव्हर मॉडर्न, कॅनॉट गिव्ह बॅक दोज टू अवर्स." यात एकही अवघड शब्द नाही. पण वाचणारा, मग तो कुठल्याही देशातला असो, त्याला पटतं.

म्हणून माझा पहिला आठवडा पूर्ण मराठीत असतो. पालक विचारतात, इंग्रजीच्या क्लासला मराठी का? तर मी त्यांना सांगते की मुद्दा जुळवणं आणि भाषा जुळवणं ही दोन वेगळी ओझी आहेत, दोन्ही एकदम डोक्यावर दिली की पोरगं पाठांतराकडे पळतं. आणि ही काही बाहेरून आणलेली गोष्ट नाही. आगरकर आपल्याच भागातले, कराडजवळच्या टेंभूचे, 1856 चा जन्म (पोरांना टेंभू माहीत असतं ते उपसा योजनेच्या पाण्यामुळे). त्यांनी 1888 मध्ये 'सुधारक' काढला तो मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळायचे. एकाच पत्रात दोन भाषांमध्ये वाद घालता येतो हे आपल्याकडे इतकं जुनं आहे. मी हे पोरांना मुद्दाम सांगते, कारण खेड्यातून आलेल्या पोराच्या मनात घट्ट बसलेलं असतं की विचार करायचा तर इंग्लिश मीडियमवाल्यांनीच.

दुसरी गोष्ट मी वापरते ती न्यायशास्त्रातली, कोर्टाच्या नव्हे, आपल्या जुन्या तर्कशास्त्रातल्या. वाईच्या लक्ष्मणशास्त्री जोशींना "तर्कतीर्थ" का म्हणायचे हे विचारून सुरुवात करते, मग फळ्यावर डोंगर काढते आणि त्यातून धूर. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतोय, हा हेतू. जिथं धूर तिथं आग, जसं चुलीपाशी, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून इथं आग आहे, हे निगमन. पाच पायऱ्या, आणि टास्क टूचा एक बॉडी पॅरा म्हणजे बरोबर या पाच पायऱ्या. आपली पोरं कुठं घसरतात माहितीये का? उपनयापाशी. उदाहरण देतात आणि सोडून देतात. "फॉर एक्झाम्पल, इन माय व्हिलेज देअर इज नो डॉक्टर." बरं मग? ते उदाहरण परत मुद्द्याला जोडायचं एक वाक्य, जे त्या जतच्या मुलीनं "दोज टू अवर्स" म्हणून लिहिलं, ते बहुतेक वह्यांमध्ये नसतंच. तपासताना मी फक्त एवढंच शोधते आणि नसेल तिथं मार्जिनमध्ये "उपनय?" लिहिते. दोन आठवड्यांत पोरं स्वतःच एकमेकांना विचारायला लागतात, उपनय कुठाय रे.

वर्गात करायचा खेळ अगदी साधा आहे. दोघंदोघं बसवायचे. एकानं एक वाक्य म्हणायचं, समजा "सातवीपर्यंतच्या पोरांना मोबाईल देऊ नये". दुसऱ्याला फक्त दोनच प्रश्न विचारायची परवानगी, "कशावरून?" आणि "बरं मग?". बाकी काही बोलायचं नाही. पहिला दमेपर्यंत उत्तरं देत जातो. मोबाईलमुळे डोळे खराब होतात, कशावरून, माझ्या भावाला चष्मा लागला, बरं मग, आता त्याला फळ्यावरचं दिसत नाही, बरं मग, वर्गात मागं पडला. तिसऱ्या-चौथ्या "बरं मग" ला खरा मुद्दा बाहेर येतो, आणि कधी कधी पोराला स्वतःलाच कळतं की आपला मुद्दा पोकळ आहे (एका भावाच्या चष्म्यावरून सगळ्या महाराष्ट्राच्या पोरांचं कसं ठरवणार), तेही शिकणंच आहे. आठवड्याभरानंतर हाच खेळ इंग्रजीत, "हाऊ डू यू नो?" आणि "सो व्हॉट?".

समोरच्याची बाजू मांडायला शिकवणं हे मात्र सगळ्यात जड जातं आणि त्याला वेळ द्या. मी दरवर्षी गणपतीच्या आसपास मिरवणुकीतल्या डीजेवर बंदी असावी का हा विषय घेते. एका वर्षी तासगावकडचा एक मुलगा होता, त्याच्या काकांचाच साऊंडचा धंदा. बाकीचे सगळे बंदीच्या बाजूने तुटून पडले, म्हाताऱ्या माणसांचं हृदय, लहान बाळं, काचा हादरतात. हा गप्प होता. मग मी त्याला म्हटलं, तू बोल, पण काका म्हणून नको, मुद्दा म्हणून बोल. तो म्हणाला, नियम आधीच आहे, रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकरला मनाई आहे, वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्रीची 45, म्हणजे कायदा नाही असं नाही, तो पाळला जात नाही, मग जो नियम पाळून सिस्टीम लावतो त्याची भाकरी बंद करून काय मिळणार, न पाळणाऱ्याला धरा ना. वर्ग शांत झाला. मग मी बंदीवाल्यांना म्हटलं, आता तुमचा निबंध लिहा, पण याचं म्हणणं त्यात असलं पाहिजे, त्यानं मांडलं तितकंच ताकदीनं, आणि मग त्याला उत्तर द्या. त्या दिवशीचे निबंध मी अजून ठेवलेत. एका मुलीनं लिहिलं की मिरवणुकीच्या गर्दीत आवाज मोजत फिरणं अवघड आहे, म्हणून काही तासांची सरसकट बंदी हाच पाळून घेता येईल असा नियम. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, खरा मांडला की उत्तरपक्षाला, म्हणजे आपल्या उत्तराला, आपोआप धार येते. पोरं नाहीतर "सम पीपल थिंक डीजे इज गुड बट दे आर राँग" एवढ्यावर भागवतात.

प्रश्न वाचण्यावर एक पूर्ण तास घालवा, जास्त नको. "डिस्कस बोथ व्ह्यूज अँड गिव्ह युअर ओपिनियन" मध्ये तीन कामं आहेत आणि पोरं तिसरं विसरतात. "आउटवे" म्हणजे फायदे-तोट्यांची यादी देऊन भागत नाही, कोणतं पारडं जड ते सांगायचं. आणि "ओन्ली", "ऑल", "द बेस्ट वे", "रादर दॅन" असले शब्द दिसले की त्याभोवती गोल काढायला लावा, कारण बहुतेक वेळा वादाची जागा तिथंच असते. दवाखान्याच्या प्रश्नात "ऐवजी" हा शब्दच सगळं आहे. "दोन्ही हवेत" हे उत्तर त्या शब्दाला टाळून जातं. "आधी खेड्यातले, कारण वेळ वाचतो, पण कॅन्सरचं ऑपरेशन खेड्यात होणार नाही म्हणून शहरातलं आहे ते टिकवायला पैसा लागेलच" हे उत्तर मात्र "कितपत" ला धरून आहे.

एक गोष्ट मी अजिबात चालू देत नाही. खोटे आकडे. "अकॉर्डिंग टू अ सर्व्हे, 85 परसेंट पीपल" असलं पोरं सर्रास ठोकून देतात आणि काही क्लासवाले शिकवतातही. एक्झामिनर काही आकडा तपासत बसत नाही हे खरं, पण मला ते पटत नाही, उद्या हीच मुलगी पेशंटच्या चार्टवर लिहिणार आहे. आणि गरजही नाही, प्रश्नाखालीच छापलेलं असतं की तुमच्या स्वतःच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या. 2019 च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी होतं त्या पोरांना हवामानबदलावर लिहायला सर्व्हे कशाला पाहिजे? फक्त परक्या वाचकाला कळेल असं लिहायला सांगा, कृष्णेकाठ म्हणून त्याला काही समजणार नाही, "अ टाउन ऑन द बँक ऑफ अ लार्ज रिव्हर" म्हटलं की समजतं.

आता भाषेचं. गुण चार गोष्टींना सारखे असतात, प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणी आणि जोड, शब्दसंपत्ती, व्याकरण. म्हणजे व्याकरण चौथा हिस्साच, पण आपल्या पोरांच्या चुका ठरलेल्या आहेत आणि त्या मराठीतून येतात, ते समजावून सांगितलं की लवकर जातात. "जरी...तरी" वरून "ऑल्दो...बट". "कारण...म्हणून" वरून "बिकॉज...सो". "याबद्दल चर्चा" वरून "डिस्कस अबाउट". "दोन वर्षांपासून" वरून "सिन्स टू इयर्स". "इन्फर्मेशन्स", "इक्विपमेंट्स", "अॅडव्हायसेस". आणि आर्टिकल, मराठीत आर्टिकलच नाही त्यामुळे "अ", "द" गळतात नाहीतर नको तिथं घुसतात. हे सगळं एकदम लाल शाईने भरू नका हो सर. मी पूर्वी तसं करायचे, पोरगी वही बघून रडायची आणि पुढच्या निबंधात त्याच चुका. आता एका वेळी दोनच प्रकारच्या चुका निवडते, वहीच्या मागच्या पानावर त्यांची नोंद, पुढचा निबंध देताना ते पान उघडं ठेवून तपासायचं. "मोरओव्हर", "फर्दरमोर" प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी लावायची सवय मोडा, जोड मुद्द्यानं लागतो, नुसत्या शब्दानं नाही.

आणि एकच निबंध तीन वेळा लिहून घ्या. नवीन-नवीन 30 निबंध लिहिण्यापेक्षा 10 निबंध तीनतीनदा लिहिलेले कधीही चांगले, हा माझा ठाम अनुभव आहे. त्याशिवाय रोज तीन प्रश्नांचे नुसते आराखडे, प्रत्येकी 7 मिनिटं, बाजू कोणती, दोन मुद्दे, दोन उदाहरणं, समोरच्याचं म्हणणं एक. नवे पूर्ण निबंध आठवड्यात दोनच.

वेळेचं म्हणाल तर दोन्ही टास्क मिळून 60 मिनिटं, टास्क टूला 40 धरायची, आणि टास्क टूचं वजन टास्क वनच्या दुप्पट, म्हणून मी आधी टास्क टूच लिहायला लावते. किमान 250 शब्द हवेत, मी 270 ते 290 वर थांबवते, साडेतीनशे लिहिणारी पोरं शेवटच्या पॅऱ्यात घाईने चुका करतात. 7 मिनिटं आराखडा, 27-28 मिनिटं लेखन, उरलेली 5 त्या मागच्या पानावरच्या चुका शोधायला. कॉम्प्युटरवर परीक्षा असेल तर शब्द मोजून दिसतात पण ऑटोकरेक्ट नसतं, मोबाईलची सवय झालेल्या पोरांना "गव्हर्नमेंट" चं स्पेलिंग तिथं आठवत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून साध्या नोटपॅडवर टाइप करू द्या. टायपिंगचा धसका घेऊ नका, 280 शब्द 25 मिनिटांत म्हणजे मिनिटाला 11-12 शब्द, दोन आठवड्यांत येतं.

तुमच्या इंजिनिअरिंगवाल्यांपैकी कुणी जीआरई (परदेशात पुढच्या शिक्षणासाठीची प्रवेशपरीक्षा) देणार असेल तर तिथंही आता एकच निबंध आहे, इश्यूवर, 30 मिनिटांचा, 2023 च्या सप्टेंबरपासून दुसरा काढून टाकला. वरचंच सगळं लागू पडतं, वेगळा क्लास लावायची गरज नाही.

शेवटचं थोडं कडू आहे पण सांगायलाच पाहिजे. 6 आठवड्यांत साडेपाचचे साडेसहा होतात, मी बऱ्याच जणांचे झालेले बघितलेत, पण साडेपाचचे साडेसात करून देतो असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका आणि तुम्हीही तसा शब्द देऊ नका. नर्सिंगच्या मुलींना आधी विचारा कुठं जायचंय. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला रायटिंगला साडेसहा चालतात, बाकी तिन्हींना सात लागतात, हे माहीत नसल्यामुळे पोरी उगाच सातच्या धास्तीने परत परत परीक्षा देतात. एकच स्किल परत देण्याची सोयही आता कॉम्प्युटरवरच्या परीक्षेला आहे, पण सगळ्या संस्था ते मानत नाहीत, ज्या संस्थेला निकाल द्यायचाय तिला आधी विचारून घ्यायचं. आणि चौथ्या आठवड्यानंतरही एखाद्या पोराच्या पॅऱ्यात उपनय येत नसेल तर तारीख पुढं ढकलता येते का ते वेळेत बघा, फी ऊसबिलातून भरलेली असते सर, ती वाया घालवू नका.

सोमवारी बॅच असेल ना तुमची? पहिल्या दिवशी वह्या दप्तरातच राहू द्या. प्रत्येकाला त्याच्या गावातली अशी एक गोष्ट विचारा जी बदलायला पाहिजे, आणि समोर बसलेल्या आठ जणांना "कशावरून?" म्हणायला सांगा.